डब्याची वही

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

आजपासून वही सुरू. जे झालं ते त्याच दिवशी लिहायचं, चुकलं तेही. पानं फाडायची नाहीत.

काय करायचं आहे ते एकदाच लिहून ठेवते. लॅटेक्सचा मोठा फुगा, त्यात हेलियम. फुग्याखाली पॅराशूट, पॅराशूटखाली थर्माकोलचा डबा. डब्यात तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर, जीपीएस, रेडिओ आणि वरून येणारी किरणं मोजणारी गायगर नळी. फुगा ३० किलोमीटरच्या आसपास फुटेल, डबा खाली येईल, आपण जाऊन आणू. हे अंतराळयान नाही, अंतराळ १०० किलोमीटरवर सुरू होतं असं मानतात, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाकलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि गावभर "आमच्या शाळेचं रॉकेट" असंच सांगितलं.

वजन: फुगा १२०० ग्रॅम, डबा ११००, पॅराशूट आणि दोरी २००. झाले अडीच किलो. वर चढायला आणखी एक किलोची ओढ हवी. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो, म्हणजे साडेतीन घनमीटर. नागपूरहून मोठा सिलिंडर येतो तो सात घनमीटरचा. अर्धा पुरे. सोडताना फुगा पावणेदोन-दोन मीटर रुंद असेल, फुटताना साडेआठ मीटर. ही शेवटची ओळ फळ्यावर लिहिली तेव्हा वर्ग पहिल्यांदा गप्प झाला.

टोळी चौघांची. बॅटरीवाली (दहावी), रेडिओवाला (दहावी), खोकेवाला (नववी) आणि हिशेबवाली (नववी, घरी किराणा दुकान, तिच्या हातून पाच ग्रॅमही सुटत नाहीत). शिवाय प्रयोगशाळेचे काका. त्यांना विचारल्याशिवाय इथे खिळासुद्धा मिळत नाही.

सोडायची वेळ: ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. पावसाळ्यात खूप वरचे वारे पूर्वेकडून येतात, हिवाळ्यात पश्चिमेकडून जोरात. मधल्या बदलाच्या दिवसांत ते मंदावतात, डबा फार लांब जात नाही. हिवाळ्यात सोडला तर आमच्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून निघालेला डबा गडचिरोलीच्या जंगलात उतरणार. तो मग वाघाचा.

२१ सप्टेंबर

दोन चुका कागदावरच सापडल्या, बरं झालं.

आपण घेतलेला दाबाचा सेन्सर, बीएमपी२८०, ३०० हेक्टोपास्कलच्या खाली मोजत नाही. म्हणजे नऊ किलोमीटरनंतर आंधळा. विमानंही त्याच्या वरून जातात. एमएस५६११ मागवला, तो १० हेक्टोपास्कलपर्यंत जातो.

दुसरी जीपीएसची. बाजारातलं मॉड्यूल जमिनीवरच्या वापराच्या मोडमध्ये येतं आणि १२ किलोमीटरवर उंची सांगणं सोडून देतं. त्याला विमानाचा मोड द्यावा लागतो, मग ५० पर्यंत चालतं. वीज गेली आणि आली की हा मोड विसरला जातो, म्हणून प्रोग्राम सुरू होताना दर वेळी आज्ञा पाठवायची. रेडिओवाल्याने ही ओळ लिहिली आणि शेजारी शेरा टाकला: "विसराळू आहे, रोज सांगा." माझ्यावरूनच सुचलं असावं.

२८ सप्टेंबर

आजचा दिवस मुलं म्हातारपणीही सांगतील.

गायगर नळीला ४०० व्होल्ट लागतात. जमिनीवर काही अडचण नाही. वर हवा विरळ झाली की हीच वीज उडी मारते. पाश्चेनचा नियम: दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांचा गुणाकार एका ठरावीक आकड्याजवळ आला की हवेतून ठिणगी पडायला सुमारे ३३० व्होल्ट पुरतात. ३० किलोमीटरवरचा दाब आणि आमच्या सर्किटवरचं एक मिलिमीटरचं अंतर यांचा गुणाकार नेमका तिथेच येतो. दाब आणखी कमी झाला, खऱ्या अवकाशात गेला, तर धोका पुन्हा टळतो. अडचण मधल्या वाटेवरच.

निर्वात पेटी कुठून आणणार? जाड स्टीलचा गंज (पातेलं), त्यावर कुकरचं रबर, त्यावर बोटभर जाडीची अ‍ॅक्रिलिकची चकती, आणि तालुक्याच्या फ्रिज-एसी मेकॅनिकचा व्हॅक्यूम पंप. मेकॅनिक स्वतःच आला, पंप एकटा द्यायला तयार नव्हता. खिडक्या लावल्या, दिवे बंद केले. काटा खाली खाली गेला आणि गंजाच्या तळाशी जांभळा उजेड दिसला. गुलबक्षीच्या रंगाचा, न हलणारा. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, हे काऊन पेटून राह्यलं, आग तं नाही ना?" आग नव्हती. आमच्या सर्किटची मरणघंटा होती.

सगळी उघडी टोकं सिलिकॉनने बुजवली. दोन दिवस वाळू देणार. पुन्हा तीच परीक्षा.

१ ऑक्टोबर

परीक्षा पास. अंधारच राहिला.

५ ऑक्टोबर

परवानगी. चार किलोच्या आतलं ओझं नेणारा फुगा आंतरराष्ट्रीय नियमांत हलक्या गटात बसतो, पण हलका म्हणजे मोकाट नव्हे. विमान वाहतुकीची परवानगी, नागपूरच्या हवाई नियंत्रण कक्षाशी बोलणं, मग वैमानिकांसाठी निघणारी नोटॅम नावाची सूचना. तिच्यात जागा, दिवस आणि वेळ बांधून दिलेली असते. नागपूरच्या आकाशात देशाच्या चारही बाजूंची विमानं एकमेकांना ओलांडतात, म्हणून ही वेळ म्हणजे दगडावरची रेघ. १९ आणि २० ऑक्टोबर, सकाळी ६ ते ७.३०.

एका कार्यालयात अर्ज तीनदा परत आला. पहिल्यांदा "फुगा" हा शब्द बघून साहेब हसले, दुसऱ्यांदा "हेलियम" बघून घाबरले, तिसऱ्यांदा अर्जावर तारीख नव्हती. तिसरी चूक माझीच.

डब्यावरची चिठ्ठी आज ठरली. हे काम किरकोळ नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या रात्री, आमच्याच तालुक्यात लाडबोरीला आकाशातून तीन मीटरभर रुंदीचं धातूचं कडं पडलं होतं, पुढे आजूबाजूला धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी जुळवलं. आगीचे लोळ माझ्या घराच्या गच्चीवरूनही दिसले होते. वरून काही पडलं की इकडची माणसं आता नुसती बघत नाहीत. खोकेवाल्याने चिठ्ठीवर आधी "घाबरू नका" लिहिलं होतं. त्याची आजी म्हणाली, "घाबरू नका लिवलं का माणूस आंधी घाबरते." खोडलं. आता आहे: "शाळेचं हवामान यंत्र. मुलांनी बनवलं आहे. फोन करा, आम्ही येतो." आणि दोन नंबर.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. आज सिलिंडर आला. दाबाचा काटा १५०. पहिले दहा दिवस भाडं नाही, नंतर रोजचे २० रुपये. हिशेबवालीने वहीच्या मागच्या पानावर खातं उघडलं.

भरायची पद्धत: फुग्याच्या तोंडाला २ किलो ३०० ग्रॅमचं वजन लटकवायचं आणि ते अलगद तरंगेपर्यंत गॅस सोडायचा. लोखंडी मापं जमवत बसण्यापेक्षा मोजून तांदूळ घेतला. धानाच्या मुलखात तांदळाशिवाय दुसरं काय सापडणार! किराण्याच्या काट्यावर २३००, पिशवीसकट.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नाही सुटला.

पहाटे ४.१० ला मी, काका आणि मेकॅनिक शाळेत. ४.३० ला डबा चालू केला, जीपीएसला उपग्रह सापडायला वेळ लागतो म्हणून. ४.४५ ला वनरक्षकांचा फोन: शाळेमागच्या नाल्यावर रात्री वाघ दिसला, ताजे पगमार्क आहेत, उजेड झाल्याशिवाय एकही मूल घराबाहेर निघू देऊ नका. ब्रह्मपुरी वनविभागात हा निरोप थट्टेत घ्यायचा नसतो. मी वाद घातला नाही.

६.२० ला उजाडलं. पालक मुलांना घेऊन येईपर्यंत ६.५५. फुगा उलगडला, सुती हातमोजे घातले (बोटांच्या घामाने, तेलाने लॅटेक्स कमजोर होतं), गॅस सोडायला सुरुवात करणार तोच मैदानाच्या टोकाची सागाची पानं वाजली. वारा. भरताना फुगा आडवा होऊन जमिनीला घासला तर संपलं. १० मिनिटं थांबलो, आणखी १०. ७.१५ ला मी नाही म्हटलं. भरायला किमान २० मिनिटं लागतात आणि ७.३० नंतरचं आकाश आपलं नाही.

गावातले चाळीसेक लोक जमले होते. एक जण म्हणाला, "एवढा खटाटोप केला, सोडून द्या ना जी!" सोडून देणं हे वाक्य सोपं आहे. फुगा एकच आहे.

घरी आल्यावर आठवलं: डबा चालूच होता. साडेपाच तास.

२० ऑक्टोबर

पाऊस. उभ्या धानावर. डब्याचं दुःख करायला तोंड राहिलं नाही, लोकांचं पीक आडवं झालं.

२२ ऑक्टोबर

थांबलो आहोत, म्हणून आज सगळ्यांत जास्त काम केलं.

मुलांना वाटत होतं की रद्द झालं म्हणजे डबा कपाटात आणि आपण घरी. मी त्यांना चांद्रयान-२ ची गोष्ट सांगितली. १५ जुलै २०१९, पहाटे २.५१ ला उडायचं होतं, ५६ मिनिटं २४ सेकंद उरली असताना उलटी गणती थांबवली, शेवटी २२ जुलैला दुपारी २.४३ ला गेलं. त्या सात दिवसांत कोणी झोपलं असेल असं वाटतं का? इंधन भरलेलं रॉकेट सुरक्षित करायचं, दोष शोधायचा, आणि चंद्र तर थांबत नाही, मग वाट नव्याने आखायची. यंत्र उभं असतं तेव्हाही जुनं होत असतं. सेल उतरतात, रबर कडक होतं, ओल शिरते. उड्डाण दोन तासांचं, पण टिकायचं असतं ते त्याआधीच्या आठवड्यांत.

मग एकेक घेतलं.

सेल. आपले सेल साधे लिथियमचे, एकदाच वापरायचे, उणे ४० अंशांतही चालतात म्हणून महाग असूनही घेतले. साडेपाच तासांत किती खाल्ले ते त्यांच्या व्होल्टेजवरून कळत नाही. हे सेल शेवटपर्यंत तोच आकडा दाखवतात आणि मग एकदम मरतात. बॅटरीवाली म्हणाली, "मॅडम, माझ्या आज्यासारखे." टाकून दिले, म्हणजे शाळेच्या घड्याळांना दिले. नवे मागवले.

मोठ्या उपग्रहांना हा प्रश्न येत नाही कारण रॉकेटवर चढवल्यानंतरही त्यांना जमिनीवरून वायरीने वीज मिळत असते. शेवटच्या काही मिनिटांत ते स्वतःच्या बॅटरीवर येतात आणि उड्डाणाबरोबर वायर निखळते. बॅटरीवालीने याला नाळ म्हटलं. आता आमच्याही डब्याला नाळ आहे: बाहेरून जॅक, दुसऱ्या टोकाला मोटारसायकलची बॅटरी, जॅकला सुतळी. ओढली की डबा स्वतःच्या पोटावर.

लाल फिती. उडण्याआधी जे काढायचं ते सगळं लाल फितीने बांधायचं: दाबाच्या भोकावरची टोपी, नळीचं झाकण, जॅक, कॅमेऱ्याची काचपट्टी, स्विचची खीळ. पाच फिती. सुटताना पाच हातात मोजायच्या. काका म्हणाले, "लालफीत तर त्या ऑफिसातही होती, ती कोण मोजणार?"

नवी परवानगी: आचारसंहिता लागली आहे. निवडणुकीनंतर या, असं सांगितलं.

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. टोळीपैकी दोघं कापणीवर आहेत, बॅटरीवाली रोज बांधीत जाते. तिच्या हाताला विळ्याची जखम. डब्याची तपासणी मी आणि काकांनी केली.

दाबाच्या भोकात माती. आधी वाटलं कुणी खोडी केली. खरडून बघितलं तर आत हिरवी अळी आणि अंडं. कुंभारीण माशी! टोपी तपासायला काढली आणि चार दिवस खिडकीत ठेवली, तेवढ्यात तिने घर बांधलं. हसावं की रडावं. असा सेन्सर वर गेला असता तर आम्ही ३० किलोमीटरवर सिंदेवाहीचा दाब मोजला असता.

यात आम्ही एकटे नाही. १९९५ मध्ये फ्लोरिडात डिस्कव्हरी शटल उड्डाणतळावर उभं असताना सुतारपक्ष्यांनी त्याच्या मोठ्या टाकीच्या फोमला दोनशेच्या आसपास भोकं पाडली. अख्खं शटल दुरुस्तीसाठी परत इमारतीत न्यावं लागलं, ते १३ जुलैला उडालं. पुढे पक्ष्यांना घाबरवायला तिथे प्लॅस्टिकची घुबडं बसवली. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "घुबड? शाळेवर? सरपंच मले उभं जाळन."

भोक साफ. ओल शोषायला ठेवलेले सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले होते, भाजून पुन्हा निळे केले. भाजायला जुना तवा वेगळा ठेवला आहे, वर खिळ्याने "विष" कोरलंय, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं आणि काकांच्या चहाचं भांडं शेजारीच असतं.

१८ नोव्हेंबर

२० तारखेला मतदान. शाळा मतदान केंद्र, मी ड्यूटीवर. प्रयोगशाळा रिकामी करून द्यायची. डबा, फुगा, तांदूळ माझ्या घरी. सिलिंडर काकांच्या गोठ्यात, साखळीने बांधून, बैल दुसरीकडे.

२२ नोव्हेंबर

तांदूळ २२४० ग्रॅम. पिशवीला उंदराचं भोक. साठ ग्रॅम कमी म्हणजे गॅस तेवढा कमी भरला गेला असता, चढण मंदावली असती, आणि आम्ही वाऱ्याला दोष दिला असता. आता पत्र्याच्या डब्यात. हिशेबवालीचा नियम: माप वापरायच्या दिवशी पुन्हा तोलायचं, कालचा आकडा धरायचा नाही.

२६ नोव्हेंबर

वारा फिरला. अंदाजाचे आकडे मांडले: ८ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्यात पश्चिमेचा वारा सेकंदाला २५ मीटरच्या घरात. आपला फुगा सेकंदाला ५ मीटर चढतो, तो पट्टा ओलांडायला २७ मिनिटं, तेवढ्यात ४० किलोमीटर पूर्वेला. खालचे-वरचे थर आणि उतरण धरून ८० ते ९०. आपल्या शाळेतून नव्वद किलोमीटर पूर्वेला छत्तीसगडची सीमा आणि मध्ये नुसतं रान.

वर्गात शांतता. रेडिओवाला म्हणाला, मार्चपर्यंत थांबू. दहावीची मुलं मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेला बसतील, हे त्यालाच आठवून दिलं. फुग्याचं रबरही वर्षभर राहत नाही.

मग हिशेबवालीने नकाशा उलटा वाचला. "मॅडम, पडायची जागा ठरवू. सोडायची मागून काढू." पडायला हवी मोकळी, धान कापलेली जमीन: नागभीड-ब्रह्मपुरीचा पट्टा. तिथून नव्वद किलोमीटर पश्चिमेला गेलं की वर्धा जिल्ह्यातला समुद्रपूर तालुका येतो. तिथल्या एका शाळेत माझी डी.एड.ची मैत्रीण शिकवते. ती म्हणाली, मैदान आहे, चहा आहे, वाघ सहसा नसतो.

इतके दिवस वाऱ्यासाठी थांबलो होतो. उड्डाणतळ हलवता येतो हे मला का सुचलं नाही? रॉकेटवाल्यांना ती मुभा नसते एवढं खरं.

नवा अर्ज. नवी जागा, नवी तारीख: १४ आणि १५ डिसेंबर, सकाळी ७ ते ९.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी ७.२७ ला जमीन हलली. भांडी वाजली, लोक बाहेर धावले. तेलंगणातल्या मुलुगूजवळ केंद्र, ५.३ रिश्टर. इकडे नुकसान नाही. शाळेत आल्याबरोबर चौघंही पहिल्यांदा कपाटाकडे पळाली. डबा जागेवर.

दुपारी ४.०८ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी५९ युरोपचं प्रोबा-३ घेऊन जाणार होतं. दोन यानं एका रांगेत उडून एकाने दुसऱ्यासाठी सूर्य झाकायचा, म्हणजे कृत्रिम ग्रहण. मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून सगळे बसलो. उड्डाणाला तास उरला नव्हता तेव्हा निरोप: यानात दोष आढळला, उड्डाण उद्यावर. रॉकेट ठीक होतं, इंधन ठीक, आभाळ ठीक. यानाला ढकलणाऱ्या राखीव यंत्रणेत गडबड. राखीव! म्हणजे मुख्य चालू असतानाही थांबले. खोकेवाला हळूच म्हणाला, "मग आपण वाघासाठी थांबलो ते बरोबरच होतं ना मॅडम."

५ डिसेंबर

४.०४ ला गेलं. टाळ्या.

७ डिसेंबर

रंगीत तालीम. जीपमधून डबा समुद्रपूरला नेऊन आणला, चालू न करता. रस्त्याबद्दल लिहीत नाही, वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

परत आल्यावर चालू केला तर गायगर नळी मुकी. खडखडाटात कनेक्टर अर्धा निसटला होता. बाहेरून पाहिलं तर बसलेलाच. गॅलिलिओ यानाचं असंच झालं होतं. गुरूकडे जायचं ते यान चॅलेंजरच्या अपघातानंतर रखडलं, ट्रकमधून अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेलं गेलं, साठवलं, परत आणलं, १८ ऑक्टोबर १९८९ ला उडालं. १९९१ मध्ये मोठा अँटेना छत्रीसारखा उघडायला गेले तर काही काड्या अडकल्या. त्या प्रवासांत आणि साठवणीत काड्यांवरचं वंगण झिजलं असावं, असा निष्कर्ष निघाला. सगळी मोहीम मग छोट्या अँटेनावर, थेंबाथेंबाने माहिती पाठवत पार पडली. त्यांची छत्री, आमचा कनेक्टर. त्यांना जाऊन हलवता आलं नाही, आम्हाला आलं.

कनेक्टरांवर गरम गोंदाचे थेंब. डबा जीपमध्ये सीटवर नाही, मांडीवर. मांडी कोणाची यावर भांडण, बॅटरीवाली जिंकली.

१४ डिसेंबर, शनिवार

पहाटे ५.१५, समुद्रपूर तालुका. गारठा. आजूबाजूला वेचणीला आलेली पऱ्हाटी, कडेला तूर.

काटा १३९! दोन महिन्यांत ११ कमी. मेकॅनिकने साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. रेडिओवाल्याने गणित केलं: आणला तेव्हा दुपारचे ३३ अंश, आता १०. गॅस थंड झाला की दाब उतरतो. १५० चे १३९ च होतात. गॅस सगळा आहे, फक्त कुडकुडतोय. शिकवलेलं कुणाला तरी आठवतं हे बघून बरं वाटलं.

६.२० नाळ जोडून डबा चालू. ६.३१ जीपीएस. मोडची आज्ञा गेली. ६.४५ तांदूळ तोलला: २३००. ७.०० नियंत्रण कक्षाला फोन. वाट बघा म्हणाले, एक विमान जातंय. ७.०५ भरायला सुरुवात. ७.२२ तांदळाची पिशवी जमिनीवरून सुटली, बोटभर वर उभी राहिली. या दृश्यासाठी एवढे महिने गेले असं म्हणायला हरकत नाही.

७.२६ तोंड बांधलं. ७.३० पुन्हा फोन. आणखी १० मिनिटं थांबा. भरलेला फुगा हातात धरून १० मिनिटं! मैत्रिणीच्या शाळेतली सहा मुलं आणि आमची चार, सुती मोजे घातलेली, एकाही पोराने आवाज केला नाही. ७.४० ला हिरवा कंदील.

फिती: एक, दोन, तीन, चार. पाचवी कुठे? स्विचची खीळ. खोकेवाल्याच्या खिशात निघाली, त्याने आधीच काढून ठेवली होती. पाच. सुतळी ओढली, नाळ सुटली, दिवा लुकलुकला. ७.४४ ला सोडला.

आवाज काहीच झाला नाही. तेच सगळ्यांना विचित्र वाटलं.

रेडिओ ८६५ मेगाहर्ट्झवर, दर १० सेकंदांनी एक ओळ. ९ किलोमीटर ओलांडले. १२ ओलांडले, उंची येतच राहिली. १६ च्या पुढे बाहेरचं तापमान उणे ७४. गायगरची टिकटिक १६ ते १८ च्या पट्ट्यात सर्वांत दाट, मग कमी होत गेली. वर जाऊ तशी किरणं वाढतच जायला हवीत ना, असं हिशेबवालीने विचारलं. बाहेरून आलेले कण हवेवर आदळून त्यांचे तुकडे होतात, त्या तुकड्यांची गर्दी तिथे सगळ्यात जास्त असते. त्या थराला फोट्झरचं नाव आहे. आलेख तिनेच काढला.

९.२२ ला २९ हजार ४०० मीटर. पुढची ओळ २८ हजार ९००.

फुटला.

१५ डिसेंबर

काल शेवटची ओळ ६४० मीटर उंचीवरून आली, ब्रह्मपुरी तालुक्यातून. त्यानंतर झाडांआड गप्प. पाठलागाची जीप नागभीडला होतीच. पण त्याआधी फोन आला.

"ते हवामानाचं तुमचंच काय जी? बोडीत पडलं."

बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं. थर्माकोल असल्याने डबा तरंगत होता, छत्रीच्या कापडाचं पॅराशूट कमळाच्या पानांवर पसरलेलं. फोन करणाऱ्या काकांनी पोराला पोहत पाठवून काठावर आणला, उघडला नाही, वर टोपली झाकून ठेवली आणि शेजारी स्वतः बसून राहिले. गाव जमलं होतं. कुणी म्हणालं लाडबोरीवानी आहे, दूर व्हा. काकांनी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. "मुलांनी बनवलं आहे" या ओळीनंतर लोक जवळ आले, असं ते म्हणाले.

आत चमचाभर पाणी. कार्ड कोरडं. सिलिका जेल गुलाबी.

१७ डिसेंबर

सिलिंडर परत. काटा ७०. भाडं: ६५ दिवस, वजा १०, राहिले ५५, गुणिले २० म्हणजे ११०० रुपये. दुकानदार म्हणाला, एवढे दिवस ठेवून अर्धाच वापरला? हिशेबवालीने पावती दोनदा तपासून घेतली.

तांदूळ समुद्रपूरलाच राहिला. मैत्रिणीने त्याच दुपारी शिजवला, दहा मुलांना पुरला.